31 कोटी खरे की 268 कोटी?

1991 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, डोंगरावरच्या गणित संशोधन संस्थेत एक बैठक भरली. एकीकडे भूमितीवाले, दुसरीकडे स्ट्रिंग थिअरीवाले भौतिकशास्त्रज्ञ. बोलावणं शिंग-टुंग याऊ या गणितीचं. वादाचा मुद्दा नेमका होता: एका ठरावीक आकृतीवर तिसऱ्या घाताचे वक्र किती बसतात? भौतिकवाले म्हणत होते 31,72,06,375. भूमितीवाले म्हणत होते 2,68,25,49,425.

फरक थोडाथोडका नव्हे, दोनशे कोटींहून जास्त!

आकृती पाचव्या घाताच्या एका समीकरणातून तयार होते आणि संमिश्र संख्यांच्या विश्वात तिला तीन मिती असतात. तिच्यावर सरळ रेषा किती बसतात, हे हेर्मान शुबर्टनं 19व्या शतकातच काढून ठेवलं होतं: 2,875. पुढची पायरी शांकवांची, म्हणजे दुसऱ्या घाताच्या वक्रांची. तिथवर पोचायला 1986 साल उजाडलं. शेल्डन कॅट्झनं आकडा दिला 6,09,250. तिसऱ्या घातासाठी नॉर्वेच्या एलिंग्सरूड आणि स्ट्रोमे या जोडीनं मोठा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून 268 कोटींवरचा तो आकडा बाहेर पडला.

तेवढ्यात भौतिकवाल्यांपैकी फिलिप कँडेलास आणि त्याचे तीन सहकारी भलत्याच वाटेनं आले. स्ट्रिंग थिअरी म्हणते की विश्वाच्या सहा मिती आपल्याला न दिसता गुंडाळून बसलेल्या असाव्यात, आणि त्यांचा आकार कॅलाबी–याऊ जातीचा असावा. या आकारांच्या जोड्या असतात. जोडीतले दोघे दिसायला अगदी वेगळे, पण दोघांमधून निघणारं भौतिकशास्त्र एकच. म्हणजे एका आकारावरची अवघड मोजणी त्याच्या जोडीदारावर नेऊन करता येते, आणि तिथे ती बरीच सोपी होते. कँडेलास मंडळींनी तिसऱ्याच काय, सगळ्याच घातांचे आकडे एका सूत्रातून काढून दाखवले. चौथ्या घाताचा तर 2,42,46,75,30,000!

सूत्र देखणं होतं, पण सिद्धता नव्हती. आणि भूमितीवाल्यांच्या दरबारात सिद्धतेशिवाय कुणाची डाळ शिजत नाही.

बैठक संपली, दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांवर ठाम राहिल्या. मग 31 जुलैला नॉर्वेहून निरोप आला: प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. दुरुस्त करून चालवल्यावर उत्तर आलं 31,72,06,375. शेवटच्या अंकापर्यंत तेच. भौतिकशास्त्र जिंकलं, असं दोघांनी खुल्या दिलानं कळवून टाकलं. सिद्धता यायला पुढे पाच-सहा वर्षं गेली. 1996 मध्ये गिवेंताल, 1997 मध्ये लियान, लिऊ आणि याऊ.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती नॉर्वेच्या जोडीची तयारी. आपल्या आकड्यावर त्यांनी पुन्हा संशय घेतला, कारण समोरचा वेगळ्या वाटेनं आलेला माणूस ठामपणे उभा होता. भूमिती, टोपॉलॉजी (ताणल्या-वाकवल्यानं न बदलणाऱ्या गुणांचं गणित) आणि भौतिकशास्त्र या तिघांच्या परिषदा एवढ्यासाठीच भरवायच्या असतात. शोधनिबंध लांबून वाचता येतो, पण प्रश्न विचारणारा माणूस समोरच बसावा लागतो.

धूर आणि गाठी

गणित आणि भौतिकशास्त्र यांची ही मैत्री जुनी आहे. 1867 मध्ये एडिंबरामध्ये पीटर टेट या भौतिकशास्त्रज्ञानं आपल्या मित्राला, केल्विनला, एक गंमत दाखवली. लाकडी पेटी, एका बाजूला गोल भोक, समोरच्या बाजूला ताणून बसवलेलं कापड, आत रसायनांचा दाट धूर. कापडावर थाप मारली की भोकातून धुराचं वलय बाहेर पडायचं. दोन वलयं एकमेकांना लागली तरी फुटत नसत. थरथरत बाजूला होत.

केल्विनच्या डोक्यात चक्र फिरलं. वलय इतकं टिकाऊ असेल, तर अणू म्हणजे ईथरमधली, म्हणजे तेव्हा सगळं अवकाश भरून आहे असं मानल्या जाणाऱ्या माध्यमातली, वलयंच असतील! साध्या वलयाचा एक अणू, गाठ मारलेल्या वलयाचा दुसरा, जितक्या गाठी तितकी मूलद्रव्यं. टेट कामाला लागला आणि गाठींच्या याद्या करू लागला. मग पाद्री कर्कमन आणि अमेरिकेतला लिटल त्याच्या मदतीला आले.

अणूंची ती कल्पना पार चुकीची निघाली, ईथरही गेला, पण याद्या राहिल्या आणि त्यांतून गाठींचं गणित उभं राहिलं. आज पेशीतल्या डीएनएचे गुंते काही विकरं कशी सोडवतात हे समजून घ्यायला तेच गणित वापरतात.

या याद्यांचा एक किस्सा तर फारच आवडता. दहा छेद असलेल्या गाठींच्या यादीत दोन गाठी वेगळ्या म्हणून जवळजवळ शतकभर शेजारी शेजारी नांदत होत्या. 1974 मध्ये केनेथ पर्को नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलानं दाखवून दिलं की त्या दोन नाहीतच, एकच गाठ आहे. यादी 166 वरून 165 वर आली.

मग 1984. व्हॉन जोन्स हा न्यूझीलंडचा गणिती क्वांटम मेकॅनिक्सशी नातं असलेल्या बीजगणितात रमलेला होता. न्यूयॉर्कला जोन बर्मनशी बोलताना त्याच्या लक्षात आलं की आपल्या कागदांवर जे आहे ते गाठींबद्दल काहीतरी सांगतंय. त्यातून निघाली जोन्स बहुपदी: गाठीचं चित्र द्या, ती एक राशी देते, राशी वेगळी आली तर गाठी नक्की वेगळ्या. बातमी पसरताच चार ठिकाणच्या सहा जणांनी आणखी व्यापक बहुपदी जवळजवळ एकाच वेळी शोधली. नियतकालिकानं सगळ्यांना एकाच निबंधात बसवलं. पोलंडच्या दोघांनीही तीच शोधली होती, पण टपाल उशिरा पोचलं आणि त्यांचं नाव राहून गेलं! आता पुष्कळ जण ते आवर्जून जोडतात.

गोवा, स्वान्सी आणि एक जेवण

जोन्सची राशी गाठीच्या चित्रावरून काढावी लागे, म्हणजे कागदावर. पण गाठ तर तीन मितींत राहते! मग थेट तीन मितींतून तिचा अर्थ सांगता येईल का? हा प्रश्न गणिती मायकेल अतियानं 1987 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात, हेर्मान वाइलच्या स्मरणार्थ भरलेल्या परिषदेत सर्वांसमोर ठेवला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोव्यात गुरुत्वाकर्षण आणि विश्वशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धान्त बंद वलयांच्या भाषेत मांडला, आणि त्या मांडणीत अवकाशाची अवस्था ठरवायला पुन्हा गाठीच पुढे आल्या. या कामाचा पाया घातला होता अभय अष्टेकर यांनी. ते धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, जन्म 1949 चा. 1986 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली. तसं केल्यावर गुरुत्वाकर्षण हे यांग–मिल्स जातीच्या क्षेत्रांसारखं (त्यांची गोष्ट पुढे येतेच) दिसू लागलं. शिरपूरच्या माणसाची समीकरणं आणि गोव्यातलं व्यासपीठ. लूप क्वांटम ग्रॅव्हिटीच्या इतिहासातलं हे पान आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पुढच्या जुलैत वेल्समधल्या स्वान्सीत गणिती भौतिकशास्त्राची जागतिक परिषद होती. एका संध्याकाळी अतिया, ग्रॅम सीगल आणि एडवर्ड विटन ॲनीज नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसले. बोलणं जोन्सच्या बहुपदीवर गेलं, आणि त्या गप्पांत विटनला वाट दिसली: चर्न आणि सायमन्स यांनी 1974 मध्ये शुद्ध भूमितीसाठी काढलेली राशी क्वांटम क्षेत्राची क्रिया म्हणून घ्यायची आणि गाठ ही त्या क्षेत्रातल्या कणाची वाट मानायची. सरासरी काढली की जोन्स बहुपदी हातात! 1989 मध्ये निबंध छापून आला. अतियाच्या प्रश्नाला सव्वा वर्षात उत्तर मिळालं, तेही जेवणाच्या टेबलावर.

1992 मध्ये वर्तुळ आणखी जुळलं. ब्रूगमन, गँबिनी आणि पुलिन यांनी अष्टेकरांच्या चलांत लिहिलेल्या समीकरणांची उत्तरं जोन्स बहुपदीतून काढून दाखवली.

जोन्स आणि विटन या दोघांनाही 1990 मध्ये क्योटोत गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं. जोन्सनं तिथलं व्याख्यान न्यूझीलंडच्या रग्बी संघाची जर्सी घालून दिलं. विटन हे पदक मिळवणारा पहिला भौतिकशास्त्रज्ञ. त्याची पहिली पदवी मात्र इतिहासाची, आणि तरुणपणी तो राजकीय लेखन करायचा.

जंगलातली पंगत

परिषदांच्या जगात ओबरवोल्फाखला वेगळा मान आहे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली ही संस्था 1944 ची. आठवडाभर पन्नासेक माणसं, सोबत अप्रतिम ग्रंथालय, आणि जेवणाची एक खास पद्धत: प्रत्येकाच्या नावाची नॅपकिनची पिशवी असते आणि कर्मचारी त्या पिशव्या टेबलांवर हव्या तशा वाटून टाकतात. कुणाशेजारी बसायचं ते तुमच्या हातात नाही. नव्या विद्यार्थ्याच्या ताटाशेजारी कधी फील्ड्स पदकवाला येतो. संकोच मोडायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. बुधवारी दुपारी व्याख्यानं बंद. सगळे डोंगरातून चालत जातात आणि वाटेत ब्लॅक फॉरेस्ट केक खातात.

या पंगतीवरूनच गेरहार्ड रिंगेलनं 1967 मध्ये प्रश्न काढला: गोल टेबलांवर रोज अशी बसवणूक करता येईल का, की शेवटी प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाच्या शेजारी नेमका एकदाच बसलेला असेल? वरवर किती साधा! पण त्यावर अर्धशतक निबंध येत राहिले. माणसांची संख्या पुरेशी मोठी असेल तर ते जमतं, हे 2021 मध्ये छापून आलेल्या निबंधात सिद्ध झालंय.

संस्थेच्या दारात धातूची एक वळणावळणाची आकृती उभी आहे, बॉय पृष्ठभाग. हिल्बर्टनं आपला विद्यार्थी वेर्नर बॉय याला सांगितलं होतं की अमुक एक पृष्ठभाग आपल्या तीन मितींत चुण्या न पडता बसवता येत नाही, हे सिद्ध कर. 1901 मध्ये बॉयनं तो बसवूनच दाखवला! पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. त्या आकृतीचं पहिलं उघड सूत्र 1978 मध्ये दिलं बर्नार मोरॅं या फ्रेंच गणितीनं. मोरॅं लहानपणापासून अंध होता. ज्या आकृतीचं चित्र पाहूनही डोळस माणूस गोंधळतो, ती त्यानं मनात हाताळली. दारातल्या शिल्पासाठी जे रूप निवडलंय त्यात वाकवण्याची ऊर्जा कमीत कमी आहे. म्हणजे इथेही भौतिकशास्त्र आलंच.

बॉनच्या परिषदेची तऱ्हा और. फ्रीड्रिश हिर्त्सेब्रुखनं ती 1957 मध्ये सुरू केली. कार्यक्रमपत्रिका आधी ठरवायचीच नाही. तो फळ्यापाशी उभा राहायचा, सभागृहातून लोक नावं आणि विषय ओरडून सांगायचे आणि तिथल्या तिथे पुढची व्याख्यानं ठरायची. पहिल्याच वर्षी तरुण ग्रोथेंडिकनं रीमान–रॉख प्रमेयाचं आपलं नवं रूप तिथे मांडलं. मधल्या एका दिवशी ऱ्हाइन नदीत बोटीची सफर असते आणि वाद बोटीवरही चालू राहतात.

वाटीचे दोन फेरे

व्याख्यानात हमखास होणारा एक प्रयोग घरी करून पाहा. उजव्या तळहातावर पाण्याची वाटी घ्या. वाटी आडवी होऊ न देता हात आतल्या बाजूनं काखेखालून फिरवा. वाटीचा एक पूर्ण फेरा झाला, पण कोपर वर आलंय आणि हाताला पीळ बसलाय. आता न थांबता त्याच दिशेनं दुसरा फेरा, या वेळी डोक्यावरून. पीळ सुटतो आणि हात जसाच्या तसा!

एका फेऱ्यानं पीळ, दोन फेऱ्यांनी मोकळं. फिरवण्यांच्या अवकाशाचा हा टोपॉलॉजिकल गुणधर्म आहे, आणि इलेक्ट्रॉन नेमका तो पाळतो: 360 अंशांत फिरवला की त्याच्या तरंगाचं चिन्ह उलटतं, 720 अंशांनी पूर्ववत होतं. 1975 मध्ये न्यूट्रॉनवर प्रयोग करून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. 1986 मध्ये केंब्रिजला डिरॅकच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानात फाइनमननं हातात कप घेऊन हेच करून दाखवलं होतं.

कोष्टकातलं प्रश्नचिन्ह

न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात सी. एन. यांग भौतिकशास्त्रात होता, चर्नबरोबरचा तोच जिम सायमन्स गणित विभागाचा प्रमुख. 1954 मध्ये यांग आणि मिल्स यांनी क्षेत्रांची जी समीकरणं लिहिली, त्यांचं गणित भूमितीवाल्यांनी फायबर बंडल या नावानं स्वतंत्रपणे उभं केलं होतं. शेजारशेजारच्या इमारतींत एकच गोष्ट दोन नावांनी राहत होती! 1975 मध्ये सायमन्सनं दुपारच्या जेवणाच्या वेळी भौतिकवाल्यांना ते गणित शिकवलं, आणि त्याच वर्षी वू आणि यांग यांनी एक कोष्टक छापलं: डाव्या बाजूला भौतिकशास्त्रातली संज्ञा, उजव्या बाजूला गणितातली. एका ओळीत मात्र उजवीकडे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. क्षेत्र निर्माण करणाऱ्या स्रोताला गणितात जोडीदारच नव्हता.

इसाडोर सिंगर हा गणिती ते कोष्टक ऑक्सफर्डला घेऊन गेला. अतिया मंडळी त्यावर तुटून पडली आणि 1982 मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्यानं, सायमन डोनाल्डसननं, यांग–मिल्स समीकरणांतून चार मितींच्या अवकाशाबद्दल थक्क करणारी गोष्ट काढली. मायकेल फ्रीडमनच्या कामाशी ती जोडली की असं दिसतं: एक, दोन, तीन, पाच, सहा, कितीही मिती घ्या, साध्या सपाट अवकाशावर कलनशास्त्र करायची एकच रीत आहे. फक्त चार मितींत अगणित आहेत. आणि आपलं अवकाश-काल चार मितींचं! हे का, ते नीट सांगता येत नाही. निव्वळ योगायोग असेलही, पण मी हे प्रत्येक वेळी वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो.

सायमन्सनं पुढे वित्तव्यवहारात प्रचंड पैसा मिळवला आणि त्यातून स्टोनी ब्रुकमध्येच भूमिती आणि भौतिकशास्त्र यांचं एकत्र केंद्र उभं राहिलं. तिथल्या एका भिंतीवर समीकरणं आणि आकृत्या कोरलेल्या आहेत.

कुलाब्याचं देणं

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं या गोष्टीतलं स्थान मोठं आहे. 1964 च्या तिथल्या परिषदेच्या ग्रंथात अतिया आणि बॉट यांचा निबंध आहे. 1968 च्या परिषदेच्या ग्रंथात ग्रोथेंडिकची ती प्रसिद्ध ‘स्टँडर्ड’ अनुमानं आली, जी आजही पूर्ण सुटलेली नाहीत. जगभरचे बैजिक भूमितीवाले संदर्भ देताना अजून ‘बॉम्बे’ लिहितात ते यामुळे.

त्याहून मोलाचं काम घरच्यांचं. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी 1965 मध्ये पृष्ठभागांवरच्या स्थिर व्हेक्टर बंडलांबद्दल एक प्रमेय सिद्ध केलं. तेव्हा ते निखळ गणित होतं, भौतिकशास्त्राचा वाराही नव्हता. पुढे अतिया आणि बॉट यांच्या लक्षात आलं की पृष्ठभागावर यांग–मिल्स समीकरणं लिहिली की हेच प्रमेय समोर येतं, आणि 1983 मध्ये डोनाल्डसननं त्याच दृष्टीनं त्याची नवी सिद्धता दिली. विटनच्या गाठींच्या सिद्धान्तातही ही बंडलं मध्यभागी आहेत.

2001 च्या जानेवारीत स्ट्रिंग थिअरीची वार्षिक परिषद मुंबईत भरली. स्टीफन हॉकिंग आला होता आणि त्याचा 59वा वाढदिवस मुंबईतच झाला.

याच मालिकेतल्या 1998 च्या सांता बार्बरा परिषदेत तर सगळे नाचले! आदल्या वर्षी हुआन माल्दासेनानं गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम क्षेत्रं यांना जोडणारा मोठा विचार मांडला होता. मेजवानीच्या वेळी जेफ हार्वीनं ‘माकारेना’च्या चालीवर त्या निबंधाचं गाणं केलं आणि भरल्या सभागृहानं हातवाऱ्यांसकट ते म्हटलं. शोधाचा आनंद असाच साजरा व्हायला हवा.

पाव, बेगल, प्रेट्झेल

2016 चं भौतिकशास्त्राचं नोबेल थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना टोपॉलॉजीच्या वापरासाठी मिळालं. पत्रकारांना समजवायला निवड समितीच्या टॉर्स हान्स हान्सननं पिशवीतून दालचिनीचा बन, बेगल आणि प्रेट्झेल काढले. चव, आकार काहीही असो, टोपॉलॉजी फक्त भोकं मोजते: शून्य, एक, दोन. अर्धं भोक नसतं. म्हणूनच अतिथंड, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पातळ थरात विजेची वाहकता पायऱ्यापायऱ्यांनीच बदलते. तुकडा वेडावाकडा असो, त्यात अशुद्धी असो, पायरी हलत नाही. त्यामागचा पूर्णांक 1982 मध्ये थाउलेस आणि सहकाऱ्यांनी काढून दाखवला, आणि तो चर्नच्या भूमितीतलाच निघाला.

आणि गाडी उलट दिशेनंही धावते. पॉइनकारेचं टोपॉलॉजीतलं 1904 चं अनुमान ग्रिगोरी पेरेलमननं ज्या रिची प्रवाहाच्या वाटेनं सोडवलं, तेच समीकरण डॅनियल फ्रीडनला 1980 मध्ये क्वांटम क्षेत्रांचा अभ्यास करताना भेटलं होतं. पेरेलमननं तर आपल्या पहिल्याच निबंधाच्या शीर्षकात एंट्रॉपी आणली. 2003 च्या वसंतात त्यानं अमेरिकेत त्यावर व्याख्यानं दिली, त्यांत स्टोनी ब्रुकही होतं. मग फील्ड्स पदक आणि या अनुमानावर लावलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस, दोन्ही नाकारलं.

त्याच बक्षीसमालिकेतलं दुसरं दहा लाख डॉलरचं बक्षीस यांग–मिल्स समीकरणांवर आहे. क्वांटम रूपात त्यांना चोख गणिती पाया द्यायचा आणि सर्वांत हलक्या कणाचं वस्तुमान शून्याहून जास्त असतं हे सिद्ध करायचं. कॉम्प्युटरवरची गणितं ते दाखवतात, प्रयोगही तेच सुचवतात. सिद्धता कुणाकडे नाही. बक्षीस 2000 साली पॅरिसमध्ये जाहीर झालं आणि अजून कुणालाही मिळालेलं नाही.